बंडी आणि तिच्यावरील खूण

(शिरपूर येथे भरलेल्या प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात मी कार्यानुभवावर बोलावे, अशी आज्ञा झाली आहे. कार्यानुभव हा शब्द मोठा आहे आणि त्याच्या छायेखाली पुष्कळ गोष्टी येतात. त्या सर्वांना एकेक वाक्य वाटून वेळ संपविण्यापेक्षा मी एकच वस्तू घेणार आहे. ती वस्तू म्हणजे बंडी. पाचवी ते सातवीतील मुलामुलींनी स्वतःच्या मापाने बेतलेली, स्वतःच्या हाताने शिवलेली आणि स्वतःची खूण घातलेली सुती बंडी. कोणी तिला जाकीट म्हणतील. आपल्या शेतकऱ्याचा शब्द बंडी हाच आहे आणि तो मला पुरेसा वाटतो.

बंडीच का, असे कोणी विचारील. पहिले कारण शिवणाचे आहे. शिवणात अवघड गोष्टी दोन, बाही बसविणे आणि कॉलर बसविणे. बंडीला दोन्ही नाहीत. दुसरे कारण हवेचे आहे. पौष-माघात आपल्या धुळे जिल्ह्यातील थंडीची बातमी वर्तमानपत्रांत येते, आणि सांगवी, पळासनेर, बोराडीकडील शाळांत सकाळच्या परिपाठाला मुले कशी काखेत हात घालून उभी असतात, हे आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपला मुलूख कापसाचा आहे. मुलाच्या एका बंडीला साधारण एकशे तीस-चाळीस ग्रॅम वजनाचे जाडेभरडे कापड लागते. कापसातून रुई निघते ती वजनाच्या सुमारे तृतीयांश, बाकीची सरकी. कताईतील तूट धरली, तर एका बंडीस अर्धा किलो कापूस पुरतो. ज्या मुलाने दिवाळीच्या सुटीत आईबरोबर याच्या कितीतरी पट कापूस वेचला आहे, त्याला आपल्या अंगावरील सदऱ्यात तो कापूस कोठे गेला हे ठाऊक नसते. हे गणित फळ्यावर मांडून मगच कापडाला हात लावावा, असे माझे सांगणे आहे.

हा विचार नवीन नाही. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली जी शिक्षण परिषद भरली, तिने हस्तोद्योग हाच प्राथमिक शिक्षणाचा गाभा मानला आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याचा आराखडा केला. कोठारी आयोगाने १९६४ ते १९६६ या काळात त्याला कार्यानुभव म्हटले. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने त्याला समाजोपयोगी उत्पादक कार्य हे नाव दिले. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना गावातील कारागिरांजवळ शिकण्यास सांगितले आहे. नावे बदलत गेली. वेळापत्रकातील ती तासिका मात्र बहुतेक शाळांत गणिताच्या सरावाकडेच वळत राहिली. त्याबद्दल मी कोणास दोष देत नाही. परंतु गणिताचा सराव बंडीतही होतो, हे आता दाखवितो.

कापड आणल्यावर प्रथम कात्री लावू नये. ते रात्रभर पाण्यात भिजवून, न पिळता सावलीत वाळवावे. त्यापूर्वी त्यावर उभ्या धाग्याच्या दिशेने पन्नास सेंटिमीटरची एक रेघ दोऱ्याने टाकून ठेवावी व वाळल्यावर पुन्हा मोजावी. ती साडेअठ्ठेचाळीस भरली, तर कापड शेकडा तीन आटले. मागावर उभे धागे ताणून धरलेले असतात. पाणी मिळताच ते आपल्या मूळच्या सैलपणावर येतात. शेकडेवारीचे असे उदाहरण मूल विसरत नाही, कारण न भिजविलेली बंडी पहिल्या धुण्यातच तोकडी होते, हे त्याला पटलेले असते.

मग माप. मुलांनी दोघादोघांनी मिळून एकमेकांचे माप घ्यावे. सामान्यतः दहा-अकरा वर्षांच्या मुलाची छाती सहासष्ट सेंटिमीटर धरू. शिंपी याला सव्वीस इंच म्हणेल. शिंप्याचा इंच आणि पुस्तकातील सेंटिमीटर यांची गाठ येथेच घालून द्यावी. छाती मोजताना मुलाला एकदा श्वास सोडून व एकदा भरून उभे करावे. दोन मापांत जो फरक येतो, तो प्रत्येकाने स्वतः लिहावा. त्यानंतर कपड्यात ढिलाई का ठेवतात, हे सांगावे लागत नाही.

आता बेतणे. छातीचा चौथा भाग साडेसोळा. त्यात ढिलाई अडीच आणि शिवणीचा दाब दीड मिळविला की साडेवीस होतात. हा पाठीचा अर्धा भाग झाला. समोरच्या पाखाला तेवढेच, शिवाय बटणपट्टीसाठी चार, म्हणजे साडेचोवीस. दोहोंची बेरीज बरोबर पंचेचाळीस. नव्वद सेंटिमीटर पन्ह्याचे कापड उभे दुमडले म्हणजे पंचेचाळीसच होते! घडीच्या बाजूस पाठ आणि काठाच्या बाजूस पाखा ठेवला की एका कापणीत सर्व अंग निघते. मात्र आटल्यानंतरचा पन्हा नव्वदच्या आत आला, तर तेवढी ढिलाई कोठून कमी करावयाची, हे मुलांनाच ठरवू द्यावे. उंची बावन्न आणि खालच्या दुमडीस चार, म्हणून छप्पन्न. एक मीटर कापड घेतले असेल, तर उरलेल्या चव्वेचाळीस सेंटिमीटरांत दोन बाहेरचे खिसे, एक आतला चोरखिसा, गळ्याच्या व मुंढ्याच्या पट्ट्या एवढे सर्व निघून थोडी चिंधी उरते. ती चिंधी टाकून देऊ नये. तिचे काम पुढे आहे. मुंढ्याची खोली छातीच्या चौथ्या भागाएवढी, खांदा तीस म्हणून अर्धा पंधरा, गळ्याची रुंदी साडेपाच, खांद्याचा उतार अडीच. हे सर्व प्रथम जुन्या वर्तमानपत्रावर काढावे, कापावे, पाठीला लावून पाहावे. कागद चुकला तर काही बिघडत नाही, ही मुलांना मिळणारी मोठीच मोकळीक आहे.

गळ्याची पट्टी सरळ कापली तर वळणावर चुण्या पडतात. ती उरेब कापावी लागते, म्हणजे धाग्याशी पंचेचाळीस अंशांचा कोन करून. चौरस कागदाचा कर्ण घडी घालून दाखवा आणि मग कापड त्या दिशेने ओढून पाहावयास सांगा. उभे ओढले तर ते हलत नाही, आडवे ओढले तर किंचित हलते, तिरके ओढले तर ताणले जाते. कोन म्हणजे काय हे माझ्या पाहण्यात मुलांना इतके लवकर दुसऱ्या कशाने समजलेले नाही.

शिवण हातानेच करावी. यंत्राविषयी माझा आकस नाही. यंत्रांबद्दल एवढे कठोर बोलणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली शिवणयंत्राचा अपवाद केला होता. परंतु यंत्राचा टाका यंत्राच्या लयीने पडतो. हाताचा टाका मुलाच्या लक्षाने पडतो, आणि आपल्याला लक्षच शिकवावयाचे आहे. धावदोरा तर मुलांनी घरी आजीच्या गोधडीत पाहिलेला असतो. तेथून आरंभ करावा. काखेखालच्या व खांद्याच्या शिवणींना मात्र धावदोरा पुरत नाही, तेथे उलटी टीप हवी. कारण धावदोऱ्यातील एक ठिकाण तुटले की सारी शिवण सरकत जाते, उलट्या टिपेत प्रत्येक टाका मागच्याला धरून असतो. या चार शिवणींची लांबी मिळून सुमारे नव्वद सेंटिमीटर भरते. सेंटिमीटरला तीन टाके धरले, तर दोनशे सत्तर टाके झाले. मूल मिनिटाला सहा-सात टाके सहज घालते. तेव्हा ज्यांना हे काम कधी संपणार नाही असे वाटते, त्यांनी हा भागाकार करून पाहावा.

बंडी तपासताना ती उलटी करून तपासावी. उजव्या अंगाने सर्वच बंड्या बऱ्या दिसतात. आतील शिवणीचा दाब सारखा आहे काय, कडेचे धागे तुरपून बंद केले आहेत काय, गाठ मारताना दोरा ओढला जाऊन कापड आखडले आहे काय, हे आतून कळते. जेथे चुकले असेल तेथे उसवावयास सांगावे, रागावून नव्हे. उसविण्याची लाज वाटू नये, म्हणून गुरुजींनी स्वतःची एक बंडी वर्गाबरोबर शिवावयास घ्यावी आणि मुलांसमोरच ती उसवीत जावी. बाईंनाही माझी हीच विनंती आहे. दहा सुया दिल्या, तर तास संपताना दहा मोजून घ्याव्यात. एक छोटासा लोहचुंबक टेबलाच्या खणात ठेवावा. हरवलेली सुई तो क्षणात काढून देतो. गंजलेली सुई वर्गात ठेवूच नये.

येथे मुलग्यांविषयी दोन शब्द. सुईदोरा हा मुलींचा विषय, अशी समजूत मी अनेक शाळांत पाहतो. मुलींना शिवण, तेवढ्या वेळात मुलांना मैदान. ही समजूत आली कोठून, हेच मला उमगत नाही. गावात यंत्रावर बसलेला शिंपी बहुधा पुरुषच असतो. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजारासाठी पावरा बांधवांचे नवे कपडे शिवून देणारा, रात्री उशिरापर्यंत दिव्याखाली काजे करणारा माणूस पुरुषच असतो. संत नामदेव शिंप्याच्या घरी जन्मले. तेव्हा ज्या वर्गात मुलगे सुई धरावयास लाजतील, तेथे गावच्या शिंप्यास बोलवावे, त्यास मानाने खुर्ची द्यावी, आणि काज करून दाखविण्यास सांगावे. त्याचा अर्धा दिवस मोडेल. त्याची मजुरी शाळेने द्यावी. फुकट कौतुकावर कारागिरास बोलावणे बरे नव्हे.

आता खुणेकडे येतो. सर्व बंड्या एकाच कापडाच्या, एकाच आराखड्याच्या असणार. मग कोणती कोणाची? धोबी काळ्या शाईने खूण करतो, तशी करून चालेल. पण मुलाला त्याहून अधिक काही हवे असते. आपला गणवेश सर्वांचा सारखा असावा हे योग्यच आहे, त्यात गरीब-श्रीमंत दिसत नाही. परंतु ज्या वस्तूवर मुलाने आठ आठवडे घालविले, ती इतरांच्या वस्तूसारखीच दिसली, तर त्याचे श्रम त्यालाही दिसेनासे होतात. म्हणून दोन खुणा असाव्यात. एक आत, गळ्याच्या मागे, नावाची. दुसरी बाहेर, खिशावर, त्याच्या मनाची.

नाव साखळी टाक्याने घालावे, अक्षराची शिरोरेघ देठाच्या टाक्याने. मराठी अक्षर दोऱ्याने काढताना कोठून आरंभ करावा आणि वळण कोठे घ्यावे, याचा विचार मुलाला करावाच लागतो. ज्यांचे अक्षर पाटीवर सुधारत नाही, अशांपैकी काहींचे कापडावर सुधारते. दोरा लपवाछपवी करू देत नाही, हे त्याचे कारण असावे.

बाहेरच्या खिशावरील खूण भरताना खिसा अंगाला लावण्यापूर्वीच भरावा. एकदा लावला म्हणजे सुई आतील कापड पकडते आणि खिसा बंद होऊन बसतो. पण त्याही आधी अंगाची शिवण उलटी करून तपासलेली असावी. शिवण कच्ची ठेवून खिशावर मोर नाचविणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. त्यांना मोर जरूर काढू द्यावा, मात्र काखेची टीप पुरी झाल्यावर.

कोणती नक्षी, हे कोणी ठरवावयाचे? माझे उत्तर स्पष्ट आहे. मुलाने. गुरुजींनी फळ्यावर एक गुलाब काढावयाचा आणि चाळीस खिशांवर चाळीस गुलाब उमटवावयाचे, हे मी पाहिले आहे. त्या वर्गातील एकाही मुलाच्या घरी गुलाब नव्हता. आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर काय असते? फुटलेले कापसाचे बोंड, केळीचे पान, तापीच्या पात्रातली नाव, विहिरीवरील सुगरणीचा खोपा. थाळनेरच्या मुलांना तर फार लांब जावयास नको. फारुकी राजांच्या तेथील मकबऱ्यांवरची कोरीव नक्षी कागदावर उतरवून घेतली, तर इतिहासाचा पाठ आणि खिशाची नक्षी एकाच दिवशी होते. कोणा मुलाने मोटारसायकल काढली, तरी हरकत घेऊ नये. तीही त्याने पाहिलेलीच आहे.

जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव, पाचोरा, जामनेर या बाजूस बंजारा तांडे आहेत. तेथील एका शाळेत मी पाहुणा म्हणून गेलो असता वर्गात भरतकाम चालले होते. एका मुलीचा दोरा फार सफाईने चालत होता. कोठे शिकलीस, असे विचारले, तर ती गप्प. शेजारचीने सांगितले, हिची आजी काचळीवर आरसे लावते. त्या मुलीने मान खाली घातली. आजीची काचळी तिला शाळेत सांगण्यासारखी वाटत नव्हती. पुस्तकातला गुलाब वाटत होता. तिच्या गुरुजींनी मात्र दुसऱ्या आठवड्यात आजीस शाळेत आणले. आजींनी पाटावर बसून चार प्रकारचे टाके दाखविले, कवडी कशी अडकवितात ते दाखविले, आणि मुलीच्या खिशावर पुढे तीन आरसे लागले. ते सुबक होते असे नाही. एक तर तिरपाच होता. पण तो खिसा तिचा होता, आणि तो दाखविताना तिची मान वर होती.

अशा कलेचे मोल बाहेरचे जग करते आणि आपण करीत नाही, असे पुष्कळदा होते. कर्नाटकातील संडूरच्या लमाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. जुलै २०२३ मध्ये हंपी येथे जी-२० राष्ट्रांच्या संस्कृतीविषयक बैठकीच्या वेळी साडेचारशेहून अधिक लमाणी स्त्रियांनी भरलेल्या १७५५ वस्तू एकत्र मांडण्यात आल्या आणि त्याची नोंद जागतिक विक्रमांत झाली. ही बातमी आपल्या वर्गात वाचून दाखवावी. ज्या मुलीची आजी तेच टाके घालते, तिने ती ऐकली पाहिजे.

येथे मला एक कडू गोष्ट बोलावी लागते. प्रदर्शनांतून मी मुलांच्या नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या बंड्या पाहतो. त्यांवरील टीप यंत्राची असते, काज शिंप्याचे असते आणि मोर बाईंचा असतो. चिठ्ठी तेवढी मुलाची. परीक्षक म्हणून आलेल्या आम्हा मंडळींना हे कळत नाही असे नाही. मुलालाही ते कळते, आणि आपले काम दाखविण्यालायक नव्हते, एवढाच बोध तो घरी घेऊन जातो. बक्षीस शाळेला मिळते. यापुढे माझ्याकडे परीक्षण आले, तर मी बंडी उलटी करून पाहीन आणि मग मुलाच्या हाती सुई देऊन एक काज करावयास सांगेन, हे आताच सांगून ठेवतो. वाकड्या टाक्यांची पण मुलाच्या हातची बंडी मी वर ठेवीन.

खर्चाविषयी आपण विचाराल. एक मीटर जाड सुती कापड, एक रीळ, पाच बटणे, भरण्यासाठी दोन-तीन रंगांचा दोरा. हे ज्या पालकास झेपणार नाही, त्याच्याकडून काही मागू नये. घरातील धोतर, जुनी चादर, बापाचा विटलेला सदरा चालतो. किंबहुना थंडीची बंडी करावयाची, तर आत अस्तर हवेच, आणि अस्तराला आईच्या किंवा आजीच्या जुन्या सुती लुगड्याइतके मऊ दुसरे काही नाही. वरचे कापड व अस्तर मध्ये धावदोऱ्याच्या रांगा घालून गोधडीसारखे एकजीव करावे. दोन थरांमध्ये जी हवा अडते, तीच ऊब देते. मात्र लुगडे सुतीच असावे. आजकाल घरोघरी कृत्रिम धाग्याच्या साड्या अधिक आहेत. त्या सुईखाली सरकतात, घाम शोषीत नाहीत आणि विस्तवाजवळ धोक्याच्या असतात. सकाळी चुलीजवळ बसणाऱ्या मुलाच्या अंगात तसले अस्तर नको.

वेळ आठवड्याला दोन सलग तासिका. श्रावणात कागदी आराखडे, भाद्रपदात कापणी, दिवाळीपूर्वी अंगाची शिवण पुरी. मार्गशीर्षात खिसे आणि खुणा. कापूस वेचणीच्या दिवसांत काही मुले शाळेत येत नाहीत, काहींचे आईबाप कामासाठी गुजरातेत जातात. अशा मुलांचे अर्धे काम गुंडाळून, त्यावर नावाची चिठ्ठी टाचून, कपाटात जपून ठेवावे. ते दुसऱ्या मुलाकडून पुरे करून घेऊ नये. परत आल्यावर आपली बंडी आपली वाट पाहत आहे, हे त्या मुलास दिसावे.

तिसरी-चौथीच्या मुलांना एवढे झेपणार नाही. त्यांनी बटण लावणे आणि धावदोरा, इतकेच करावे.

राहिला प्रश्न वाढीचा. मूल वर्षात वाढते आणि बंडी वाढत नाही. खालची दुमड चार सेंटिमीटर ठेवली आहे, ती उसवून उंची अडीचने वाढविता येते. काखेखाली आवळू लागली, तर जपून ठेवलेल्या चिंधीची उभी पट्टी दोन्ही बाजूंस घालता येते. त्यानंतर ती धाकट्या भावंडाकडे जाईल. ती जाताना खिशावरची खूण उसवू नये, आणि गळ्यामागचे नावही उसवू नये; धाकट्याने त्याच्या खाली आपले नाव भरावे. त्यासाठी पहिले नाव घालतानाच खाली दोन बोटे जागा मोकळी सोडावयास सांगावे.